'ताई, कसं वाटतंय?'

राजकारणातल्या पुरुषाला विचारतात 'काय करणार?' आणि बाईला विचारतात 'कसं वाटतंय?' शिरूर आणि दौंड या शेजारी-शेजारी असलेल्या तालुक्यांनी हा फरक अगदी जवळून पाहिलाय. आणि खरं सांगायचं, तर तुमच्या-आमच्या ऑफिसातही तो रोज दिसतो!

वीकएंडला पुण्याबाहेर गाडी काढायची म्हटलं की दोन रस्ते हमखास आठवतात. एक नगर रोड. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावचा गणपती आणि मग शिरूर. दुसरा सोलापूर रोड. उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस आणि मग दौंड. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता पकडला की पूल ओलांडायचा आणि तालुका बदलला! इकडे ऊस, तिकडेही ऊस. इकडे रांजणगाव एमआयडीसी, तिकडे कुरकुंभ एमआयडीसी. गाडीत बसून बघणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही.

फरक आहे तो मतदान यंत्रावरच्या नावांत.

शिरूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. २००९ ते २०२४ या काळात तिथे चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २००९ ला शिवाजीराव आढळराव पाटील विरुद्ध विलास लांडे, २०१४ ला आढळराव विरुद्ध देवदत्त निकम, २०१९ आणि २०२४ ला आढळराव विरुद्ध डॉ. अमोल कोल्हे. चारही वेळा मुख्य लढत पुरुष विरुद्ध पुरुष.

दौंड तालुका येतो बारामती लोकसभा मतदारसंघात. तिथला हिशेब बघा. २००९ ला सुप्रिया सुळे विरुद्ध भाजपच्या कांता नलावडे. २०१४ ला सुळे विरुद्ध महादेव जानकर. २०१९ ला सुळे विरुद्ध कांचन कुल. २०२४ ला सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार. म्हणजे चारपैकी तीन वेळा पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर बाईच!

आता कुणालाही वाटेल, इथे तरी 'महिला उमेदवार' ही काही नवलाई उरली नसेल. दोन्हीकडून बाईच उभी आहे म्हटल्यावर प्रश्न पाण्याचे असतील, पुणे-दौंड रेल्वेचे असतील, उसाच्या दराचे असतील. बाई असण्याचा मुद्दा आपोआप बाजूला पडेल. नाही का?

छे! तसं काही झालं नाही, बॉस.

नणंद विरुद्ध भावजय

२०२४ ची निवडणूक आठवतेय? राष्ट्रवादी काँग्रेस फुटलेली. एका बाजूला शरद पवारांच्या पक्षाकडून सुप्रिया सुळे, दुसऱ्या बाजूला अजित पवारांच्या पक्षाकडून सुनेत्रा पवार. उमेदवारी जाहीर व्हायच्या आधीच हेडलाइन तयार होती... 'नणंद विरुद्ध भावजय'. लोकसभेची निवडणूक आहे की रात्री आठची सीरियल, असा प्रश्न पडावा!

दोघींच्या बायोडेटात सांगण्यासारखं भरपूर होतं. सुळे २००६ मध्ये राज्यसभेत गेल्या, २००९ पासून लोकसभेत. संसदेतल्या कामासाठी त्यांना अनेकदा संसदरत्न पुरस्कार मिळालाय. सुनेत्रा पवारांची ही पहिलीच निवडणूक, पण काम नवं नव्हतं. काटेवाडीतलं ग्रामस्वच्छतेचं काम, पर्यावरणाची संस्था, बारामतीचं टेक्स्टाइल पार्क, जिथे मोठ्या संख्येने बायका काम करतात. चांगल्या मुलाखतकाराला तासभर पुरेल इतका मसाला.

आणि घडलं काय? प्रचारात अजित पवारांनी आवाहन केलं की आजवर तुम्ही पवारांच्या घरातल्या मुलाला, वडिलांना, मुलीला निवडून दिलंत, आता सुनेला निवडून द्या. त्यावर शरद पवारांनी मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार यांत फरक असल्याचं विधान केलं. एप्रिल २०२४ मधली ही गोष्ट. मग वार्ताहरांनी माइक नेला कुणाकडे? सुनेत्रा पवारांकडे. त्यांना त्या विधानाबद्दल विचारलं गेलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही सेकंदांचं फुटेज पुढे कितीतरी वेळा दाखवलं गेलं.

जरा थांबून बघा. बोलले दोन पुरुष. वाद त्या दोघांतला. आणि उत्तर मागितलं गेलं ते ज्या बाईबद्दल ते बोलले तिच्याकडे. तेही 'हे राजकीयदृष्ट्या बरोबर आहे का?' असं नाही, तर मनाला कसं लागलं, या अंगाने. असा प्रश्न आला की उत्तराला दोनच वाटा उरतात. रडायचं नाहीतर रडू दाबायचं. दौंडच्या मतदाराला त्या फुटेजमधून उमेदवाराची पाण्याबद्दलची, कुरकुंभच्या प्रदूषणाबद्दलची किंवा रेल्वेबद्दलची भूमिका कळली का? शून्य. कळलं एवढंच की माणूस दुखावला की डोळ्यांत पाणी येतं. ते आपल्याला आधीच माहीत होतं!

सुळेंची गत फार वेगळी नव्हती. वहिनी समोर उभी आहे, याबद्दल त्यांना पुन्हा पुन्हा बोलावं लागलं. मोठ्या भावाची बायको आपल्याला आईसारखी आहे आणि लढाई वैयक्तिक नाही, विचारांची आहे, असं त्या सांगत राहिल्या. विचारांची म्हणजे नेमकी कुठल्या विचारांची, हा पुढचा प्रश्न मात्र नात्याच्या गर्दीत मागे पडत गेला.

निकाल लागला. सुळेंना ७,३२,३१२ मतं, सुनेत्रा पवारांना ५,७३,९७९. फरक १,५८,३३३ चा. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अजित पवारांनी बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करणं ही आपली चूक झाली, असं जाहीरपणे सांगितलं. या कबुलीतही निर्णय कुणाचा, चूक कुणाची आणि उमेदवार कोण, हे तुम्हीच वाचा.

पाच लाख मतं, पण वाक्य आठवतंय?

त्याआधीचं २०१९ घ्या. ही तर खास दौंडची गोष्ट. कांचन कुल म्हणजे दौंडचे आमदार राहुल कुल यांच्या पत्नी आणि माजी आमदार रंजना कुल यांच्या सून. माहेर बारामती तालुक्यातलं. भाजपने त्यांना लोकसभेला उतरवलं आणि ओळख लगेच पक्की झाली... बारामतीची लेक, दौंडची सून. कानाला छान वाटतं. गावच्या सभेत टाळ्याही मिळतात.

त्यांना मतं मिळाली ५,३०,९४०. त्या हरल्या, सुळे १,५५,७७४ मतांनी जिंकल्या. पण पाच लाखांहून जास्त माणसांनी ज्या उमेदवारावर शिक्का मारला, त्या उमेदवाराचं प्रचारातलं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतंय? मला नाही आठवत. दोष त्यांचा म्हणावा, तर आपल्यापैकी किती जणांनी त्यांना पाटसच्या भीमा साखर कारखान्याबद्दल किंवा रोज पुण्याला ये-जा करणाऱ्या दौंडकर पॅसेंजरबद्दल प्रश्न विचारलेला ऐकला? लेक आणि सून ही ओळख एकदा चिकटली की पुढचं कुणी विचारतच नाही.

आता नदी ओलांडू या

पूल ओलांडून शिरूरला या. २०१९ ला अमोल कोल्हे इथे ५८,४८३ मतांनी जिंकले. पडद्यावर छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारलेला माणूस, त्यात डॉक्टर, त्यात नवखा उमेदवार. म्हणजे ग्लॅमर ठासून भरलेलं. २०२४ ला ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांच्यावर टीका काय झाली? खासदार मतदारसंघात दिसत नाहीत. शूटिंग करायचं की खासदारकी? पुणे-नगर रस्त्यावरच्या ट्रॅफिकचं काय केलं?

टीका झोंबणारीच होती. कधी कधी खालच्या पातळीवरही गेली. पण नीट बघितलं तर प्रत्येक टोमण्याच्या पोटात कामाचा हिशेब आहे. वेळ दिलात का? काम केलंत का? याचं उत्तर देताना माणसाला आकडे, प्रकल्प, संसदेतले प्रश्न काढावे लागतात. कोल्ह्यांनी ते काढले. लोकांना पटले की नाही ते मतपेटीने सांगितलं; या वेळी फरक होता १,४०,९५१ चा.

गंमत म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदीच्या विरोधात शिवनेरीपासून पुण्यापर्यंत जो शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला, त्यात कोल्हे आणि सुळे दोघंही होते. कांदा एक, मोर्चा एक, पक्ष एक. चार महिन्यांनी प्रचार सुरू झाला तेव्हा शिरूरच्या उमेदवाराभोवती हजेरी आणि कामाचे प्रश्न फिरत राहिले, बारामतीच्या उमेदवाराभोवती वहिनी फिरत राहिली.

साहेब, दादा, ताई, वहिनी

आता म्हणाल, आपल्याकडे तर सगळेच नात्याने बोलतात. अगदी बरोबर! शरद पवार 'साहेब', अजित पवार 'दादा', आर. आर. पाटील 'आबा'. अमेरिकन भाषातज्ज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९९० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात असं मांडलं होतं की पुरुषांचं बोलणं माहिती देण्याकडे झुकतं आणि बायकांचं बोलणं नातं जोडण्याकडे. मराठी राजकारणात ही थिअरी पार गडबडते. आपले पुरुष नेते भाषणाची सुरुवातच 'माझ्या बंधू-भगिनींनो'ने करतात, मग 'मायमाउल्यांनो', मग 'तुमचा भाऊ म्हणून सांगतो'. नातं जोडण्यात ते कुठेही कमी नाहीत.

मग फरक कुठे आहे? 'दादा' हे नातं असलं तरी त्याच्या मागे दरारा आहे. दादा म्हणजे काम करून टाकणारा, झापणारा. 'साहेब' तर सरळ हुद्दाच. 'ताई'मध्ये माया आहे, 'वहिनी'मध्ये घर आहे आणि वहिनी कायम कुणाची तरी असते. आपल्या नात्याच्या शब्दांतच पुरुषाला खुर्ची मिळते आणि बाईला पाट.

भाषेचा आणखी एक खेळ आहे. इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं की बोलणारा पुरुष आहे की बाई, ते कळत नाही. मराठीत तोंड उघडलं की कळलं! 'मी गेलो' की 'मी गेले'. प्रत्येक वाक्यागणिक ऐकणाऱ्याला आठवण... बाई बोलतेय हं. कोल्हापूरकडच्या बायका बिनधास्त 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, त्यांचं आपल्याला हसू येतं. खरं तर हेवा वाटायला हवा. आणि बातमीत बघा, 'महिला खासदार' असतं, 'पुरुष खासदार' कधी वाचलंय?

काम केलं की मात्र नातं मागे पडू शकतं, हेही याच महाराष्ट्राने पाहिलंय. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे. बाई तिथेही होतीच. पण आधी पाणी होतं.

मधेच कोण तोडतं?

मुलाखतीत बाईचं बोलणं जास्त वेळा तोडलं जातं, असं आपल्याला वाटतं. याचा एक मजेदार अभ्यास आहे. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मुलाखतकार इतक्या वेळा का तोडतात, या प्रश्नावर जेफ्री बीटी, अ‍ॅन कटलर आणि मार्क पिअर्सन या संशोधकांनी १९८२ मध्ये चक्क 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांनी तुलना केली आधीचे पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्याशी.

सापडलं ते असं. आपण बोलणं संपवताना आवाज खाली आणतो. ऐकणाऱ्याला ती खूण असते, 'झालं माझं, आता तू बोल'. थॅचर यांचा आवाज वाक्याच्या मधेच झपकन खाली यायचा. मुलाखतकाराला वाटायचं, संपलं. तो तोंड उघडायचा आणि बाईंचं तर अजून चालूच! ज्या ठिकाणी त्यांना तोडलं गेलं ते तुकडे संशोधकांनी लोकांना दाखवले, तेव्हा लोकांनाही अनेकदा वाटलं की बोलणं संपलंय.

म्हणजे प्रत्येक वेळी तोडणारा माणूस दुष्टच असतो असं नाही. पण याला एक पार्श्वभूमी आहे. थॅचर यांचा मूळ आवाज 'किरकिरा' वाटतो, अशी टीका व्हायची. म्हणून मीडिया सल्लागार गॉर्डन रीस यांच्या आग्रहावरून त्यांनी आवाज खालच्या पट्टीत आणायचं रीतसर शिक्षण घेतलं. देश चालवायला निघालेल्या बाईला आधी गळ्याचा क्लास लावावा लागला! किती पुरुष नेत्यांना कुणी सांगितलं असेल की साहेब, तुमचा आवाज जरा घोगरा आहे, आधी तो सुधारा आणि मग सभा घ्या?

आपल्याकडे सभेत आवाज चढवणारा पुरुष 'फायरब्रँड' असतो. बाईने तोच आवाज लावला की एक तर ती 'रणरागिणी' होते, नाहीतर 'आक्रस्ताळी'. मधला साधा 'ठाम' हा शब्द तिच्या वाट्याला फारसा येत नाही.

घरी जा, स्वयंपाक करा

मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या वादात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला. गदारोळ झाला. ती ग्रामीण भागातली बोलण्याची पद्धत आहे, अपमानाचा हेतू नव्हता, असा खुलासा झाला आणि दिलगिरीही व्यक्त झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण विधेयकावर लोकसभेत चर्चा झाली, तेव्हा सुळेंनी हा प्रसंग भर सभागृहात सांगितला.

'ग्रामीण बोलण्याची पद्धत' हा खुलासा शिरूर-दौंडच्या बायकांनी ऐकला असेल तर त्या हसल्या असतील. इथल्या ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. राज्यात २०११ पासून हे ५० टक्के आरक्षण आहे. स्वयंपाक करून, पोरांचे डबे भरून, मग ग्रामसभा घेणाऱ्या बायका इथे गावोगाव आहेत. आणि स्वयंपाकघराचीच गोष्ट काढायची तर १९७२ मध्ये मुंबईच्या बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेऊन मोर्चा काढला होता. स्वयंपाकघरातून थेट राजकारणात!

पण सुळेंचाच एक उलटा किस्साही आहे. २०१६ च्या सुरुवातीला नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलींशी बोलताना त्यांनी गमतीने सांगितलं की संसदेत भाषणं लांबली की आम्हीही गप्पा मारतो, साड्यांच्याही. झालं! देशभर बातमी. आता खरं सांगा, भाषण लांबल्यावर पुरुष खासदार काय जीडीपीचा जप करत बसतात? त्यांच्या क्रिकेटच्या गप्पांची कधी हेडलाइन झाली नाही, एवढंच.

पुरुषांना काय घरदार नाही?

एक मिनिट. दुसरी बाजूही ऐकायला हवी. यातल्या बहुतेक जणी राजकीय घराण्यातल्या आहेत. मग घराण्याबद्दल विचारायचंच नाही का? विचारायचं की! घराणेशाही हा कळीचा राजकीय प्रश्न आहे. 'तुम्हाला तिकीट आडनावामुळे मिळालं का?' हा अगदी योग्य प्रश्न आहे आणि तो लेकीला जसा विचारायचा तसाच मुलाला आणि पुतण्यालाही.

आणि पुरुषांनाही नात्याची लेबलं चिकटतातच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला बारामतीत अजित पवार विरुद्ध युगेंद्र पवार झालं, तेव्हा 'काका विरुद्ध पुतण्या' हेच शीर्षक होतं. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरल्यानंतरच्या सभेत अजित पवार भावुक झाले आणि दुसऱ्या दिवशी शरद पवारांनी रुमालाने डोळे पुसायची नक्कल करून दाखवली. म्हणजे पुरुषही रडतो आणि त्याचीही चर्चा होते.

पण चर्चा कसली होते? पुरुष रडला की लोक विचारतात, 'ही कुठली खेळी?' बाई रडली की म्हणतात, 'बिच्चारी!' एकाच्या अश्रूंत डोकं दिसतं, दुसरीच्या अश्रूंत फक्त मन. दोन्ही अर्धवटच.

शिवाय हेही मान्य करू या की नात्याची भाषा उमेदवार बायका स्वतःही वापरतात. प्रचारात हळदी-कुंकू होतं, ओटी भरली जाते, 'तुमची लेक म्हणून आलेय' म्हटलं जातं. का नाही म्हणणार? मतं मिळतात ना! समोरच्याला जे ऐकायचंय ते सांगणं हा राजकारणाचा पहिला धडा आहे. म्हणून तर विचारणाऱ्याची जबाबदारी मोठी. उमेदवार नात्यात शिरला की त्याला हळूच कामाकडे ओढून आणायचं, हेच मुलाखतकाराचं काम.

तुमच्या केबिनमध्ये

तुम्ही म्हणाल, हे सगळं नेत्यांचं. आपला काय संबंध?

माझ्या एका मैत्रिणीचा आठ वर्षांचा एक्स्पीरियन्स. एका बड्या कंपनीत मॅनेजरच्या पोस्टसाठी मुलाखतीला गेली. पॅनेलवर तीन जण. पहिले दोन प्रश्न कामाचे. तिसरा... 'लग्न ठरलंय का? मग रिलोकेशनचं कसं मॅनेज कराल?' तिच्याच ग्रुपमधला एक मित्र त्याच आठवड्यात त्याच पोस्टसाठी जाऊन आला. त्याचं लग्न चक्क पुढच्या महिन्यात होतं! त्याला विचारलं, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' त्याला भविष्य विचारलं, तिला घर. नणंद-भावजय नसली म्हणून काय झालं, प्रश्न तोच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये जेसिंडा आर्डर्न न्यूझीलंडच्या मजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. काही तासांतच त्यांना टीव्हीवर विचारलं गेलं की मूल की करिअर? दुसऱ्या दिवशी सकाळच्या शोमध्ये एका सूत्रधाराने तर असंही सुचवलं की नोकरी देणाऱ्याला हे कळायला हवं. आर्डर्न यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं की मी स्वतः या विषयावर बोलायचं ठरवलंय, पण नोकरीच्या जागी कुठल्याही बाईला हा प्रश्न विचारणं अजिबात चालणार नाही. त्या फक्त स्वतःसाठी बोलत नव्हत्या. तिसऱ्या प्रश्नावर अडकलेल्या प्रत्येकीसाठी बोलत होत्या.

आपल्याकडे २०१६ मध्ये सानिया मिर्झाला राजदीप सरदेसाई यांनी सेटल होण्याबद्दल, आई होण्याबद्दल विचारलं. दुहेरीत जगात नंबर वन होते तरी मी सेटल नाही का, अशा अर्थाचं तिने सुनावलं. सरदेसाई यांनी तिथेच माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला मी हे कधीच विचारलं नसतं, हे कबूलही केलं. बघा, चूक कळली की दुरुस्त करायला दहा सेकंद पुरतात!

पुढची मुलाखत बघताना एवढं चेक करा

१. पहिला प्रश्न कशाचा? कामाचा, मताचा की नात्याचा? पहिल्या प्रश्नावरून पुढचा सूर लागतो.

२. उलटा करून बघा. हाच प्रश्न समोर पुरुष असता तर विचारला असता का? हसू आलं तर प्रश्न चुकलाय. (ऑफिसातल्या मुलाखतीलाही हीच टेस्ट!)

३. पुरुषाच्या विधानावर बाईकडून उत्तर मागतायत का? ज्याने विधान केलं त्यालाच विचारायला हवं.

४. वाक्य पूर्ण झालं का? थॅचर आठवा. दोन सेकंद थांबलं तर काही बिघडत नाही. सोमवारच्या टीम मीटिंगमध्येही करून बघा.

५. शेवटी तुमच्या हाती काय लागलं? एक आकडा, एक मुद्दा, एक आश्वासन... की फक्त एक क्लोजअप?

मालक कुठंयत?

शेवटी पुन्हा भीमेच्या पुलावर येऊ. कारण या सगळ्याची खरी किंमत दिल्लीत मोजली जात नाही, ती इथे मोजली जाते.

खासदार बाईकडे निदान माइक जातो, प्रश्न चुकीचा का असेना. गावच्या सरपंचबाईकडे अनेकदा तोही जात नाही. ऑफिसात कुणी आलं की पहिला प्रश्न, 'मालक कुठंयत?' मग मालक येतात, खुर्ची ओढतात आणि टँकर, रस्ता, घरकुल सगळ्यावर तेच बोलतात. सरपंचबाई चहाचं बघतात. सहीला मात्र त्यांचाच हात लागतो. सही तिची, शब्द त्याचे. उद्या हिशेबात गडबड निघाली तर नोटीसही तिच्याच नावाने येणार!

प्रत्येक गावात असंच चालतं असं नाही. मालकांना बाहेर बसवून खणखणीत ग्रामसभा चालवणाऱ्या बायका दोन्ही तालुक्यांत भेटतील. पण पहिल्या टर्मच्या, घाबरलेल्या सरपंचबाईला बोलतं करायचं की गप्प बसवायचं, हे बऱ्याचदा समोरच्याच्या पहिल्या प्रश्नावर ठरतं. कुणी विचारलंच नाही तर उत्तर तयार ठेवायची सवय तरी कशी लागणार? आणि उद्याच्या आमदार, खासदार याच बायकांतून यायच्या आहेत. २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, जनगणना आणि पुनर्रचनेनंतर लागू करण्याच्या अटीवर. खुर्च्या वाढवायचं काम कायदा करेल. प्रश्न बदलायचं काम कुठलाही कायदा करणार नाही.

ते आपल्याला करायचंय. त्यासाठी चॅनेलचा माइक हातात असायलाच हवा असं नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेलात आणि पारावर किंवा एखाद्या लग्नात सरपंचबाई भेटल्या, तर 'काय वहिनी, कसं वाटतंय सरपंच होऊन?' एवढं विचारून थांबू नका. 'मालक कुठंयत?' तर नकोच नको. सरळ विचारा, "सरपंच, उन्हाळ्यात आपल्या वाडीला टँकर किती दिवसांनी येतो? आणि यंदा तुम्ही त्याचं काय करणार आहात?"

पहिल्यांदा त्या कदाचित मालकांकडे बघतील. तुम्ही बघू नका. त्यांच्याकडेच बघत थांबा. उत्तर येईल.